घाटातल्या वळणावरची जागा

विमलनं मला फसवलं. राजूर घाटातल्या वळणावरची माझी फळं विकायची जागा तिनं एका हंगामापुरती राखायला घेतली आणि परत दिली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी तिच्याबद्दल चार चांगले शब्दही लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको.

सीताफळं परत आलीत. आज पहाटे दार उघडलं तर ओसरी त्या वासानं भरलेली. गोड, जरासा आंबूस, ओल्या पालापाचोळ्यातून आल्यासारखा वास. बांधावरून काल उतरवलेल्या पाट्या भिंतीशी ओळीनं ठेवल्या होत्या, त्यांतली काही फळं झाकलेल्या पानांखाली मऊ पडली होती आणि मुंग्यांना बातमी लागली होती. इतरांना या वासानं बासुंदी आठवते. मला विमल आठवते आणि डोकं तापतं.

सीताफळाला डोळे असतात. कच्चं असताना ते एकमेकांना घट्ट चिकटलेले. फळ तयार होऊ लागलं की डोळे फाकतात, मधल्या रेघा आधी पांढरट होतात, मग पिवळसर. तेव्हाच ते झाडावरून उतरवायचं. घाई केली तर पाटीत दगडासारखं पडून राहतं आणि काळं होतं. उशीर केला तर वानरं नेतात, आणि वानरांनी ठेवलं तर डोंगरातलं अस्वल. दाबून बघायचं नाही, नुसतं बघायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. माझ्या सासरी बांधावर सीताफळी होत्या, पण फळं विकायची असतात हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आल्या-गेल्याला फुकट वाटायचे. मी नवी नवरी, मला ते बघवेना. पहिल्या हंगामात एक पाटी डोक्यावर घेतली आणि घाट चढले.

बुलढाण्याहून मोताळ्याकडं उतरणारा हा रस्ता. रोज मी वेगळ्या ठिकाणी बसायची आणि गाड्यांच्या मागचे लाल दिवे बघायची. कुठं ब्रेक लागतो? किती वेळ लागतो? ड्रायव्हर मान कुठं वळवतो? असं बघत बघत मला ते वळण सापडलं. तिथं गाडीला वेग मोडावाच लागतो, आणि नेमका तिथंच डोंगर बाजूला होऊन खालचा सगळा मुलूख उघडा पडतो. पांढरी कपाशी, पिवळ्या फुलांच्या तुरी, दूर कुठंतरी सोयाबीन काढणीचा धुराळा. शेगावला निघालेले भाविक फोटो काढायला उतरतात. आणि उतरलेला माणूस म्हणजे अर्धं गिऱ्हाईक.

तिथं तेव्हा घाणेरीचं रान माजलं होतं. मी विळ्यानं ते तोडलं, हातभर काटे घेतले, सपाट दगड आणून बसायला ओटा रचला. म्हणून म्हणते, जागा माझी. सातबारा नाही, पण माझी.

आम्हा घाटातल्या बायकांचा एक कायदा आहे. एखादीला बाळंतपण, दुखणं किंवा मयत आली आणि हंगामाला येता आलं नाही, तर ती आपली जागा दुसरीला राखायला देते. हे चार बायकांसमोर बोलायचं. मग राखणारीनं देणारीच्या हातचं एक फळ सगळ्यांदेखत खायचं. ते फळ पोटात गेलं की जागा राखणं बांधलं गेलं. पुढच्या हंगामात मूळ मालकीण आली की राखणारी पाटी उचलून उठते, तोंडातून शब्द काढत नाही. आजवर कुणी हा कायदा मोडलेला नाही.

विमलनंही मोडला नाही, असं ती म्हणते. कारण ज्या वर्षी माझ्या मालकांचा टेम्पो उलटला आणि त्यांच्या पायात सळई घालावी लागली, त्या वर्षी मी दवाखान्यातून तिला फोन केला. घासाघीस करून अख्खं घर उभं करणारी मी, आणि मीच जागा फोनवर दिली! फोनवरून फळ खाता येत नाही. साक्षीला होत्या त्या फक्त दवाखान्यातल्या पंख्याची घरघर आणि माझी घाई.

पुढच्या हंगामात मी पहिल्या दिवशी पहाटेच वर गेले. मालक अजून काठीवर होते, टेम्पो विकून झाला होता, घर त्या एका हंगामावर उभं होतं. धुकं इतकं की माझा ओटा मला जवळ जाईपर्यंत दिसला नाही. दिसला तेव्हा त्यावर विमल बसलेली. पाय पसरून, गोणपाट अंथरून, तोंडात मिश्री.

"आली का वं रूथा? बरे हायेत का भाऊजी?"

"बरे हायेत. ऊठ."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? जागा माझी हाय."

"होती," ती म्हणाली आणि थुंकली. "तूनं सोडली, म्या धरली."

"म्या फोनवर राखाले सांगितली होती तुले!"

"फोनचं काय घेऊन बसली वं माय? फळ खाल्लं का म्या तुह्या हातचं? इचार या बायांले."

मी बायांकडं बघितलं. सगळ्यांना ठाऊक होतं की जागा माझी आहे. आणि सगळ्यांना हेही ठाऊक होतं की फळ खाल्लेलं नाही. एकजण पदर नीट करायला लागली, दुसरी पाटीतली पानं. मी तेव्हा जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. घाटात आवाज घुमतो. माझे शब्द समोरच्या डोंगरावर आपटून परत आले, तेव्हा मलाच ते जास्त वाटले. विमल हलली नाही.

मग मी खाली बसले, वळण संपतं तिथं. तिथं उतार सुटतो, ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय काढतो, आणि गाडी म्हणजे नुसता वारा. बसून विकता येत नाही. दोन्ही हातांत फळं घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, ओरडायचं, गाडी पुढं जाऊन थांबली तर मागं पळायचं. संध्याकाळपर्यंत पायांत गोळे आणि तोंडात धूळ. आणि वरून विमलचा आवाज, माझ्याकडं वळू पाहणाऱ्या गिऱ्हाइकासाठी: "खालची घेऊ नका हो दादा, वाऱ्यानं सुकलेली हायेत!"

खोटं! माझं फळ कधी सुकलेलं नसतं.

आमचं घर ख्रिस्ती. रविवारी मी पाळकसाहेबांना गाठलं. तरुण माणूस, हळू बोलणारा, चहा गार होईपर्यंत समोरच्याचं ऐकून घेणारा. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही वर येऊन तिला समजवा."

"ती आपल्या मंडळीतली नाही, रूथाबाई. ती विहारात जाते. माझं का ऐकेल?"

"मग मला तिला अजून शिव्या द्यायची परवानगी द्या."

ते हसले. मग त्यांनी शास्त्रातलं ते वचन सांगितलं, मी लहानपणापासून ऐकलेलं आणि कधी मनावर न घेतलेलं. वैरी भुकेला असला तर त्याला जेवू घालावं. तसं केलं की त्याच्या डोक्यावर निखारे रचले जातात.

"निखारे?" मी सावरून बसले.

"हो. पण त्याचा अर्थ असा, की त्याला स्वतःची..."

"अर्थ राहू द्या. किती दिवसांत पडतात?"

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. पण मला सौदा पटला होता. भाकरीच्या बदल्यात निखारे. पीठ घरचं, मिरची घरची. इतक्या स्वस्तात सूड कुठं मिळतो?

दुसऱ्या दिवशी मी ज्वारीच्या जास्तीच्या भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी केली, ठेचा कुटला. दुपारी वर गेले आणि विमलच्या पुढ्यात फडकं ठेवलं. तिनं ते काठीनं उघडलं. खरोखर काठीनं, साप असल्यासारखं.

"इष तर नाई टाकलं?"

"इषाले पैसे पडते. खाय."

तिनं खाल्लं. सगळं खाल्लं, फडकं झटकलं, आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

मी खाली येऊन तिच्या डोक्याकडं बघत राहिले. पदर, त्यावर ऊन. निखाऱ्याचा पत्ता नाही.

त्या हंगामाचे दुपारचे तास मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. धुकं विरलेलं, दगड तापलेले, झुडपांतून वानरांच्या शेपट्या लोंबकळताहेत. दुपारी गाड्या कमी असतात. तेव्हा सगळ्या बायका सावलीला सरकतात, कुणी पान खाते, कुणी डुलकी काढते. आणि मी फडकं घेऊन चढ चढते आहे. रोज. बायका बघायच्या, कुजबुजायच्या. एकीनं विचारलं, "रूथाबाई, जादूटोणा करून राह्यली का?" मी म्हटलं, "हाव, लय जुना हाय."

एके दिवशी रागानं मी ठेच्यात मूठभर मीठ घातलं. विमलनं घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, तरी संपवलं. "आज बरं झालं," म्हणाली. "सुधरून राह्यली तू." रविवारी मी उपासनेला जायची, घाटात नसायची. सोमवारी गेले तर बाई फुगलेली. "काल उपाशी ठेवलं मले," म्हणाली. जणू माझ्या बापानं तिला भाकरीचा करार लिहून दिला होता. उपकार करा, लगेच हक्क होतो. हे मला धंद्यातही माहीत होतं. उधारीपेक्षा फुकटची सवय वाईट.

लोक सहनशीलता म्हणजे काहीतरी मऊ, पांढरं, गायीच्या डोळ्यांसारखं समजतात. मला ते जमणारं नव्हतं. पण थांबणं मला येत होतं. भाव करताना जो आधी बोलतो तो हरतो. गिऱ्हाईक फळ उचलतं, ठेवतं, पाठ फिरवतं, गाडीत जाऊन बसतं. तेव्हा दुसरी बाई हाक मारते आणि भाव पाडते. मी हाक मारत नाही. मी माशा वारते. गाडीचं दार पुन्हा उघडेपर्यंत मी जगातली सगळ्यात शांत बाई असते. आत उकळत असतं, चेहऱ्यावर वाफ येऊ द्यायची नाही. तसंच इथं करायचं ठरवलं. पाळकसाहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "पण सौद्यात तुम्ही जिंकायला थांबता, रूथाबाई."

"इथंही जिंकायलाच थांबलेय."

"बरं. मग तिच्यासाठी प्रार्थना तरी करता का?"

"करते ना. देवा, विमलला सुबुद्धी दे आणि वळणावरून उठव."

"अट काढून करून बघा."

अट काढून! बिनअटीचा सौदा मी आयुष्यात केला नव्हता. त्या रात्री गुडघे टेकले आणि अडकले. विमलसाठी काय मागायचं? तिची चांगली विक्री होऊ दे? जीभ वळेना. मग आठवलं, दुपारी भाकरी घ्यायला उठताना तिनं एका हातानं दगड धरला होता आणि दुसऱ्या हातानं गुडघा. तोंडानं काही नाही, पण ओठ आत ओढला होता. रोजच ओढायची. मी रोज बघत होते आणि मला दिसलं नव्हतं, कारण मी तिच्या डोक्याकडं बघत होते. म्हटलं, देवा, विमलचे गुडघे लय दुखतात. एवढंच. आमेन म्हणायचीसुद्धा लाज वाटली, इतकी ती छोटी प्रार्थना.

दुसऱ्या दिवसापासून मी बघायला लागले. डोंगरात चढून ती फळं तोडू शकत नव्हती. दुसऱ्यांकडून घ्यायची, म्हणून तिच्या हाती उरायचं थोडं. खालच्या जागेवर उभं राहून गाड्यांमागं पळणं तिला जमलंच नसतं. घाटात बसून विकता येईल अशी जागा एकच. माझी. बरं, हे कळलं म्हणून राग गेला का? मुळीच नाही. उलट वाढला. दुखत होतं तर सांगायचं होतं! पण त्या दिवशी भाकरी घ्यायला मी तिला उठू दिलं नाही. जवळ जाऊन तिच्या मांडीवरच फडकं ठेवलं.

"आज काऊन इतकी लाडात?" ती संशयानं म्हणाली.

"खाय गुमान."

दिवाळी तोंडावर आली आणि आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसता उकाडा. अशा हवेत सीताफळ थांबत नाही. आदल्या दिवशी घट्ट असलेल्या पाट्यांनी एकदम डोळे उघडले. सगळ्या बायकांच्या, सगळ्या पाट्या. घाटात तो वास इतका दाटला की माशांनाही भोवळ यावी. आणि रस्ता सुना. लोक घरी फराळात गुंतलेले. संध्याकाळपर्यंत विकलं गेलं नाही तर सगळा माल खड्ड्यात. हंगामाची सगळी मेहनत, माझी आणि प्रत्येकीची, त्या एका दुपारवर लोंबकळत होती.

तेव्हा पिकअप गाडी घेऊन एक व्यापारी आला. पोट सुटलेलं, शर्टाच्या खिशात मोबाईल, पायांत पांढरे बूट. वळणावर थांबला, म्हणजे अर्थात विमलच्या पुढ्यात. त्याला आमची अडचण लांबूनच दिसली होती. पाट्यांवरून नजर फिरवली, नाक मुरडलं आणि म्हणाला, "बाई, हे उद्या जनावर पण नाही खाणार. सगळ्यांचं मिळून घेतो. पण भाव मी म्हणेन तो." आणि जो भाव म्हणाला तो मला खालपर्यंत ऐकू आला. पाटीच्या कामट्याही त्यात निघत नव्हत्या.

विमल, जी मला हंगामभर पुरून उरली, जिनं डोळ्यांत डोळे घालून माझी जागा गिळली, ती मान खाली घालून म्हणाली, "नेय बाप्पा. सडण्यापरीस बरं."

आणि तिच्यामागं एकेक बाई पाटी उचलायला लागली.

खरं सांगते, मी वर पळाले ती प्रेमानं नाही. मला वाईट सौदा बघवत नाही. वैऱ्याचाही बघवत नाही. कुणी गाणं बेसूर गायलं की गवयाला होत असेल तसं मला झालं. पळता पळता माझं डोकं कामाला लागलं. पिकअपमध्ये रिकामे क्रेट, त्यांत नवं कोरडं गवत अंथरलेलं, जराही दबलेलं नाही. म्हणजे हा मोताळ्याच्या बाजारातून रिकामा आलाय. गाडीचं तोंड बुलढाण्याकडं, म्हणजे परतीच्या वाटेवर आहे. दिवाळीच्या तोंडावर रिकामी गाडी घेऊन कुठला व्यापारी घरी जातो?

"थांब वं," मी विमलला म्हटलं. आणि त्याच्याकडं वळून तोंडभर हसले. "शेठ, माल न खाताच भाव करता? असं कुठं असतं? हात करा पुढं. दोन्ही."

"नको नको, घाई आहे."

"सणाचं नाही म्हणू नये. विमल, ते मोठं दे."

विमलनं पाटीतलं सगळ्यात मोठं, सगळ्यात पिकलेलं फळ काढून दिलं. मी ते त्याच्या ओंजळीत फोडलं. असं फळ एका हातानं धरता येत नाही. दोन्ही तळवे भरून गर सांडतो. त्यानं तोंड लावलं. चेहरा बदलला. बी थुंकली, पुन्हा तोंड लावलं. रस मनगटावरून बाहीत उतरायला लागला. ते संपायच्या आत मी दुसरं फोडून ठेवलं.

"पुरे, पुरे! माल चांगला आहे. पण भाव तोच."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

त्यानं खिशाकडं बघितलं, मग हातांकडं. बोटाला बोट चिकटलेलं, गर तळव्यावर थापलेला. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. असा चिकट झालेला माणूस फोन काढू शकत नाही, स्टेअरिंग धरू शकत नाही, निघून जायचं नाटक करू शकत नाही. आणि ज्याचा फोन असा मागं लागलाय त्याच्या मालाची कुणीतरी वाट बघतंय, हे कळायला शाळा लागत नाही.

"घ्या ना शेठ फोन," मी म्हटलं. "तुमचंच गिऱ्हाईक विचारत असेल, माल कुठं आहे."

"बाई, पाणी दे आधी."

पाण्याचा डबा विमलजवळ होता. मी तिच्याकडं बघितलं. भल्या बायका असतात त्या अशा वेळी पटकन पाणी देतात आणि सौदा बुडवतात. विमलनं माझ्याकडं बघितलं. मग सावकाश तो डबा आपल्या पाठीमागं सरकवला, पदर पसरला आणि म्हणाली, "पाणी सरलं बाप्पा. उन्हाचे दिवस."

ढगांनी भरलेल्या आभाळाखाली!

बायका पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. फोन तिसऱ्यांदा वाजला. व्यापारी घामेजला. त्यानं भाव वाढवला, मी माशा वारल्या. अजून वाढवला, मी डोंगराकडं बघितलं. माझ्या शेजारी विमलही डोंगराकडं बघायला लागली, तितकीच शांत, जणू जन्मभर माझ्यासोबत धंदा केलाय. शेवटी त्यानं मी मनात धरलेला आकडा उच्चारला. मी अजून थोडा वेळ डोंगराकडंच बघितलं, म्हणून तो त्याच्याही वर गेला.

सगळ्या बायकांचा सगळा माल गेला. एकाच भावानं. तोही मोसमाच्या पहिल्या दिवसाच्या भावानं. मग त्याच्या हातांवर पाणी मीच ओतलं, कोपरापर्यंत, आणि घरच्यासाठी एक जपून ठेवलेलं फळ वेगळं बांधून दिलं. तो हसला. "बाई, तुम्ही लुटलं," म्हणाला. "पुढच्या साली येतो." आणि आला. दर साली येतो. आता उतरण्याआधीच मोबाईल ड्रायव्हरकडं देतो.

गाडी गेल्यावर घाटात जी आरोळी उठली ती डोंगरानं परत दिली, पण या खेपेला मला ती जास्त वाटली नाही. रिकाम्या पाट्या डोक्यावर उलट्या घालून बायका नाचल्या. मी दम खायला ओट्यापाशी उभी राहिले. विमलनं आपलं गोणपाट एका बाजूला ओढलं.

"बस."

"हे माझंच हाय. बस म्हणणारी तू कोण?"

"बसतं का जातं खाली? एक दिवस गाडीखाली सापडशीन, मंग मले भाकर कोण आणीन?"

मी बसले. दगड गरम होता. खालचा मुलूख जिथल्या तिथं होता, कपाशी, तुरी, सगळं. विमल म्हणाली, "तुही भाकर म्या काऊन खाल्ली, ठावं हाय का?"

मला वाटलं, आता आले निखारे. मी कान टवकारले.

"आमच्या इहारात सांगते, रागानं राग मिटत नाई. रागीट माणसाले सहन करावं. म्हणून रोज तुही अळणी भाकर गिळली म्या. लय सहन केलं तुले. कोणाले बोलली नाई."

तिनं मला सहन केलं! सबंध हंगाम मी चढ चढत होते, पीठ घालवत होते, जिभेवर दगड ठेवत होते, आणि ही बाई वर बसून समजत होती की धीर तिचा चाललाय! मी तोंड उघडलं. पण बाहेर आलं ते भलतंच. हसू फुटलं. असं हसू की पोटात कळ आली. तीही हसली, गुडघा धरून.

पाळकसाहेबांना हे सांगितलं तर त्यांनी पुढच्या रविवारी तेच उपदेशात घेतलं, माझं नाव न घेता, पण सगळे माझ्याकडंच बघत होते. ते म्हणाले, प्रेम वाटेपर्यंत थांबू नका, हात आधी चालवा. मला ते पटतं. माझे हात आधी गेले, मन मागून आलं, तेही कुरकुरत. पण आलं. मऊ बाई झाले नाही मी. देवानं मला जी जीभ दिली, जो राग दिला, तोच त्यानं त्या दिवशी कामाला लावला. वैऱ्यासाठी भांडायला.

आता वळणावर आम्ही दोघी बसतो. फळ ती पारखते, भाव मी करते. तिच्या नजरेतून कच्चं फळ सुटत नाही आणि माझ्या हातातून गिऱ्हाईक. बाकीच्या बायकाही आमच्याच भावानं विकतात, घाटात आता कुणी कुणाचा भाव पाडत नाही. व्यापारी आधी वळणावर येतात. घरी टेम्पो पुन्हा आलाय, मालक काठीशिवाय चालतात. विमलच्या गुडघ्यांना मी बुलढाण्याच्या डॉक्टरकडं नेलं, तिथंही तिनं डॉक्टरांना सांगितलं, "ही रागीट हाय, पण मनानं बरी." भाकरी अजून मीच आणते. मीठ अजून कमीच असतं.

मग तक्रार काय, असं पाळकसाहेब विचारतात. माफ केलं ना? केलं. विसरा आता. विसरणं सौद्यात नव्हतं.

जागा घेतली, त्याचा राग कधीच गेला. राहिलं ते वेगळंच आहे आणि या मोसमात तो वास आला की ते वर येतं. तिचे गुडघे दुखत होते, माझा ओटा तिला हवा होता, आणि आम्ही जुन्या ओळखीच्या. एक शब्द पुरला असता. तो तिनं उच्चारला नाही, आणि मला माझ्या हातानं द्यायची वेळ येऊ दिली नाही. एवढा मोठा सौदा, आणि मला त्यात बोलूच दिलं नाही! हा माझा तोटा कोण भरून देणार?

म्हणून हा लेख छापून आला की मी तो वळणावर उभी राहून मोठ्यानं वाचणार आहे, गिऱ्हाईक असताना, सगळ्या बायांसमोर. आणि वाचून झाला की विचारणार आहे. डोंगराकडं बघू नको विमल, माशा वारू नको, मिठाचा विषय काढू नको. म्या दिली असती का नसती, ते माहं म्या पाहिलं असतं. पण तूनं मागितली काऊन नाई? बोल. म्या थांबली हाय.